हॉटेल बिलिंगच्या जुन्या कोडमधील गुंतागुंत आणि पुनरावृत्ती : आकडे कसे वाचावेत, हात कुठे घालावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पर्वरी येथील एका लहान कंपनीची हॉटेल आरक्षण आणि बिलिंगची प्रणाली गोव्यातील अनेक हॉटेलांत बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. कोड पीएचपी आणि जावास्क्रिप्टमध्ये आहे. कोड तपासणाऱ्या साधनाने ११ टक्के पुनरावृत्ती (तोच कोड एकाहून अधिक ठिकाणी) दाखवली आहे आणि बिल तयार करणाऱ्या मुख्य फंक्शनची (एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याची) सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे त्यातील फाट्यांवरून काढलेले गुंतागुंतीचे माप, ६४ दाखवली आहे. व्यवस्थापनाने तिमाहीअखेर पुनरावृत्ती ३ टक्क्यांवर आणि प्रत्येक फंक्शन १० च्या आत आणण्यास सांगितले आहे. हे आकडे नेमके काय सांगतात, सुरुवात कुठून करावी आणि हे उद्दिष्ट योग्य आहे का, असे विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सर्व त्यावर अवलंबून आहे. उद्दिष्ट चुकीच्या जागी ठेवलेले आहे. व्यवसायाचा एखादा नियम बदलला की कोडमध्ये किती ठिकाणी हात लावावा लागतो आणि त्यातील किती ठिकाणे आपल्याला आधीपासून ठाऊक असतात, हे मोजायला हवे. ११ आणि ६४ हे आकडे त्या शोधाची सुरुवात करून देतात. निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना देऊ नये.

सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी हे माप थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडले. फंक्शनच्या प्रवाहाचा आलेख काढला, तर त्यातील कडांच्या संख्येतून बिंदूंची संख्या वजा करून दोन मिळवायचे, असे त्याचे सूत्र आहे. व्यवहारात प्रत्येक इफ (अट), प्रत्येक लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग), स्विचमधील (अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या रचनेतील) प्रत्येक केस आणि बहुतेक साधनांत अटींमधील प्रत्येक 'आणि' व 'किंवा' यांचा एकेक गुण धरून शेवटी एक मिळवला की तोच आकडा हाती येतो. फंक्शनमधील सर्व फाटे एकदा तरी तपासण्यासाठी जास्तीत जास्त किती चाचण्या पुरतील, हे तो सांगतो, आणि चाचणीचा अंदाज बांधण्यासाठी तो आजही उपयोगी आहे. १० ही मर्यादा मात्र दगडावरची रेघ नाही. स्वतः मॅकेब यांनी तिला वाजवी म्हटले, पण तिच्यात काही जादू नाही हेही त्याच वाक्यात लिहिले. आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या १९९६ च्या अहवालात १५ ची मर्यादाही यशस्वीपणे वापरली गेल्याची नोंद आहे.

या मापाची खरी उणीव अशी की वाचणाऱ्याला होणारा त्रास त्यात उतरत नाही. बारा प्रकारच्या खोल्यांची नावे परत देणारा साधा स्विच घ्या. सायक्लोमॅटिक आकडा १३ येतो, पण वाचताना कोणालाही अडचण येत नाही. कोड तपासणारी साधने बनवणाऱ्या सोनारसोर्स कंपनीने पुढे आणलेली कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी अशा संपूर्ण स्विचला एकच गुण देते आणि एकात एक अडकलेल्या अटींना मात्र त्या जितक्या आत असतील तितके वाढते गुण लावते. एक छोटे फंक्शन हिशेबासाठी घेऊ. मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीसाठी लूप आहे. त्यात 'रात्र रद्द झालेली नसेल तर' असा इफ आहे. त्याच्या आत 'दर ७५०० पेक्षा जास्त असेल तर एक कर, एल्स दुसरा' अशी अट आहे. सायक्लोमॅटिक आकडा ४ होतो. कॉग्निटिव्ह मोजणीत लूपला १, पहिल्या इफला २, आतल्या इफला ३ आणि एल्सला १ असे ७ गुण होतात. आता रात्र रद्द असेल तर कंटिन्यूने थेट पुढच्या रात्रीकडे जायचे आणि दर ठरवण्याचे काम वेगळ्या फंक्शनकडे द्यायचे, असा बदल केला, तर मुख्य फंक्शनची कॉग्निटिव्ह मोजणी ३ आणि नव्याची २, म्हणजे एकूण ५ होते. सायक्लोमॅटिक मोजणी मात्र ३ आणि २ अशी एकूण ५ होते, म्हणजे आधीच्या ४ पेक्षा वाढते, कारण प्रत्येक नव्या फंक्शनबरोबर एक गुण आपोआप येतो. तेव्हा संपूर्ण प्रकल्पाच्या सायक्लोमॅटिक बेरजेचा आलेख व्यवस्थापनाला दाखवत असाल, तर तो आजच बंद करा. चांगल्या कामावर तो वाईट शेरा मारील.

पुनरावृत्तीची टक्केवारी याहून फसवी असते. बहुतेक साधने कोडचे टोकन (शब्द आणि चिन्हांचे सुटे तुकडे) पाडतात आणि ठरावीक लांबीची सारखी मालिका दोन ठिकाणी दिसली की ती मोजतात. अक्षरशः सारखा कोड त्यांना सापडतो, केवळ नावे बदललेला कोड मात्र काही साधनांनाच सापडतो. मध्ये दोन ओळी घातल्या असतील तर कधी सापडतो, कधी निसटतो. आणि तेच काम वेगळ्या पद्धतीने लिहिले असेल तर साधन जवळजवळ आंधळे असते. शिवाय ठरावीक लांबीखालचे काहीही मोजले जात नाही. ॲपलने फेब्रुवारी २०१४ मध्ये दुरुस्त केलेल्या सुरक्षेच्या गंभीर चुकीत 'गोटू फेल' ही एकच ओळ चुकून दोनदा पडली होती आणि त्यामुळे पुढची तपासणी वगळली जात होती. पुनरावृत्तीचा कोणताही अहवाल अशा एका ओळीची दखल घेत नाही.

तुमच्या प्रणालीत सर्वांत महाग पडणारी पुनरावृत्ती बहुधा अहवालात नसेलच. खोलीवरील जीएसटीचे उदाहरण घ्या. १ ऑक्टोबर २०१९ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला १२ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर होता, तर १००० रुपयांपर्यंतच्या खोल्या करमुक्त होत्या. १८ जुलै २०२२ पासून ही करमुक्ती गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० पर्यंतचा दर इनपुट क्रेडिटशिवाय (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीशिवाय) ५ टक्क्यांवर आला आणि वरचा १८ टक्क्यांवरच राहिला. हा शेवटचा बदल तर आपल्याकडचा हंगाम तोंडावर आलेला असताना लागू झाला. आता कोडमध्ये १२ टक्के शोधायला बसा. तो ०.१२ असा लिहिलेला असेल, १२ भागिले १०० असा असेल, करासहित रकमेतून मूळ रक्कम काढताना १.१२ असा असेल, आणि केंद्राचा व राज्याचा वाटा वेगळा दाखवणाऱ्या ठिकाणी तर तो ६ आणि ६ असा असेल. शिवाय तो आरक्षणाच्या पानावरील जावास्क्रिप्टमध्ये, सर्व्हरवरील पीएचपीमध्ये, डेटाबेसमधील एखाद्या साठवलेल्या प्रोसीजरमध्ये आणि लेखापालांना पाठवायच्या एक्सेल अहवालाच्या सूत्रात असेल. टोकन जुळवणारे साधन दोन भाषांमधील ही नाती जोडू शकत नाही. म्हणून पहिले काम असे करा की व्यवसायाच्या दहा-बारा महत्त्वाच्या नियमांची यादी लेखापालांसोबत बसून काढा आणि प्रत्येक नियम कोणकोणत्या फाइलींत, कोणत्या रूपात लिहिला आहे याचा तक्ता हाताने तयार करा. हे काम कंटाळवाणे आहे, पण तुमच्या पुनरावृत्तीचे खरे मोजमाप तेच आहे.

या शोधात उलट दिशेचा सापळाही लागेल. ७५०० हा आकडा खोलीच्या दरासाठी आहे आणि उपाहारगृहाच्या करासाठीही आहे. दोन्ही ठिकाणी एकच स्थिरांक दिसतो म्हणून तो एकत्र करण्याचा मोह होतो, परंतु हे दोन वेगळे नियम आहेत. खोलीचा कर त्या खोलीच्या त्या दिवसाच्या प्रत्यक्ष दरावर ठरतो. उपाहारगृहाचा कर १ एप्रिल २०२५ पासून मागील आर्थिक वर्षात त्या हॉटेलातील कोणत्याही खोलीचा दिवसाचा दर ७५०० च्या वर गेला होता का, यावर अवलंबून आहे. गेला असेल तर १८ टक्के, नसेल आणि हॉटेलने स्वतःहून तसे घोषित केले नसेल तर ५ टक्के. गोव्यात याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. कळंगुटमधील एखादी खोली जुलैत तीन हजारांना जाते आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नऊ हजारांना. त्या एका आठवड्यामुळे पुढील संपूर्ण आर्थिक वर्षात तेथील जेवणावरचा कर बदलतो, खोलीवरचा मात्र रात्रीगणिक बदलत राहतो. उद्या सरकारने यांपैकी एकच मर्यादा हलवली, तर एकत्र केलेला स्थिरांक दुसरा नियमही मुकाट्याने बिघडवून टाकील. दोन तुकडे सारखे दिसतात का, हे साधन सांगते. ते एकाच कारणासाठी बदलतात का, हे आपल्यालाच विचारावे लागते, आणि एकत्र करण्याची खरी कसोटी हा दुसरा प्रश्नच आहे. मद्यावर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट आहे, त्यामुळे बारच्या बिलाचा कोड खोलीच्या बिलासारखा कितीही दिसला तरी तो वेगळा ठेवावा, असे मी सुचवीन.

जे खरोखर एक आहे ते एकत्र न केल्यास काय होते, तेही पाहू. ऑनलाइन आरक्षणात पाहुण्याला करासहित ८२०० रुपये असा भाव दाखवला आणि मूळ दर उलटा काढायचा आहे, असे समजा. १.०५ ने भागल्यास सुमारे ७८१० येतात. हे ७५०० च्या वर आहेत, म्हणजे १८ टक्के लावायला हवेत. १.१८ ने भागल्यास ६९४९ येतात. हे ७५०० च्या खाली आहेत, म्हणजे ५ टक्के लावायला हवेत. ७५०० अधिक ५ टक्के म्हणजे ७८७५, आणि ७५०० च्या पुढे १८ टक्के धरल्यास किंमत ८८५० च्या पुढेच सुरू होते. या दोन्हींच्या मधली कोणतीही करासहित किंमत नियमाप्रमाणे तयारच होऊ शकत नाही. मग आरक्षणाच्या पानावरचा कोड एक निर्णय घेतो, बिलाचा दुसरा घेतो, आणि क्रेडिट नोट तिसऱ्याच आकड्यावर निघते. हा भाव स्वीकारायचा की नाकारायचा, हे लेखापालांनी आणि मालकांनी ठरवायचे आहे, प्रोग्रामरने परस्पर ठरवायचे नाही. आणि एकदा ठरल्यावर तो निर्णय एकाच फंक्शनमध्ये राहिला पाहिजे.

सुरुवात कुठून करावी, याचे उत्तर कोडमधील प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या गिटच्या इतिहासात आहे. गेल्या दोन वर्षांचा लॉग केवळ फाइलींच्या नावांसह काढा, नावे क्रमवार लावून मोजा, आणि कोणती फाइल किती कमिटांमध्ये (नोंदवलेल्या बदलांमध्ये) आली याची उतरती यादी करा. तिच्याशेजारी त्या फाइलींची गुंतागुंत मांडा. दोन्ही यादींत वर असलेल्या पाच-सात फाइली म्हणजे तुमचे काम. ६४ गुंतागुंतीचे एखादे फंक्शन दोन वर्षांत कोणी उघडलेलेच नसेल, तर ते आहे तसे राहू द्या. ते कुरूप असले तरी सध्या कोणाचे काही बिघडवत नाही. त्याच इतिहासात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. ज्या दोन फाइली वारंवार एकाच कमिटमध्ये बदलतात, पण एकमेकींना बोलावत नाहीत, त्यांच्यात बहुधा एखादा नियम दोनदा लिहिलेला असतो. पीएचपी आणि जावास्क्रिप्टमधली पुनरावृत्ती सापडण्याचा याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही.

हात घालण्यापूर्वी चाचण्या हव्यात, आणि जुन्या कोडला त्या सहसा नसतात. तुमच्याकडे मात्र त्यांहून मोलाचा साठा आहे : वर्षानुवर्षांची अंतिम झालेली बिले. पाहुण्यांची नावे, फोन आणि पासपोर्ट क्रमांक पुसून त्यांतील काही हजार बिलांचे इनपुट आणि आउटपुट बाजूला काढा, आणि जुने व नवे फंक्शन दोन्ही त्यांवर चालवून पैशापर्यंत तुलना करा. फरक येतीलच. एक नेहमीचा फरक असा. १२३४.६० रुपयांवर ५ टक्के म्हणजे ६१.७३ रुपये. त्याचे केंद्र आणि राज्य असे दोन भाग प्रत्येकी ३०.८६५ होतात, प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पैशापर्यंत पूर्णांकित केला तर ३०.८७ अधिक ३०.८७ म्हणजे ६१.७४ होतात. एका प्रतीत आधी एकूण कर पूर्णांकित केलेला असतो आणि दुसऱ्या प्रतीत भाग. साधनाच्या दृष्टीने त्या दोन प्रती जवळजवळ सारख्याच असतात. कोणती बरोबर आहे हे विचारल्याशिवाय त्या एकत्र करू नयेत, कारण एका बाजूच्या ग्राहकांची जुनी बिले नव्या कोडशी जुळणार नाहीत. जाता जाता एवढेच की या रकमा फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवलेल्या असतील, तर रिफॅक्टरिंगच्या (वर्तणूक न बदलता कोडची पुनर्रचना करण्याच्या) आधी ते दुरुस्त करा; नाहीतर फरक कोडमुळे आला की दशांशांमुळे, हे कळणार नाही.

एकत्रीकरण करताना दोन्ही मापे परस्परविरुद्ध ओढतात, याची जाणीव ठेवावी. आरक्षण, चेक-इन, बिल, आरक्षण रद्द करणे आणि क्रेडिट नोट अशा पाच जागी असलेले फंक्शन एकच केले आणि फरकांसाठी 'रद्द आहे का', 'आगाऊ रक्कम धरायची का', 'छापायचे का' असे पाच-सहा बूलियन (होय-नाही स्वरूपाचे) पॅरामीटर जोडले, तर पुनरावृत्ती शून्य होते आणि त्या एका फंक्शनची गुंतागुंत आभाळाला भिडते. मग पुढची व्यक्ती एका ठिकाणची चूक दुरुस्त करताना बाकीची चार ठिकाणे मोडते. फरक दाखवण्यासाठी बूलियन लागू लागले की समजावे, आपण नको तेवढे एकत्र आणले आहे. अशा वेळी मागे येऊन फक्त सामायिक गाभा बाहेर काढावा. इथे तो गाभा लहानसा आहे : तारीख आणि खोलीचा दर दिला की कराचा दर परत देणे. पाचही फंक्शनांचे बाकीचे अंग वेगवेगळे राहिले तरी चालते, आणि त्यामुळे अहवालात दोन-तीन टक्के पुनरावृत्ती उरली तर ती उरू द्यावी.

हा गाभा इफच्या माळेने लिहू नये. लागू होण्याची तारीख, दराची वरची मर्यादा आणि टक्केवारी एवढे तीन स्तंभ असलेला तक्ता डेटाबेसमध्ये ठेवावा. त्यातून दर शोधणारे तीन ओळींचे फंक्शन कितीही दरबदल झाले तरी तसेच राहते आणि २०२१ च्या बिलाची प्रत आज काढली तरी तिच्यावर त्या वेळचाच दर येतो. कोणती तारीख धरायची हा प्रश्न मात्र तक्त्याने सुटत नाही. दर बदलण्याच्या आसपास मुक्काम, बिल आणि पैसे मिळाल्याची अशा तिन्ही तारखा पाहाव्या लागतात आणि साधारणपणे त्यांपैकी दोन ज्या बाजूला पडतात तो दर लागतो. ही गुंतागुंत कायद्यातून आलेली आहे. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ मध्ये सॉफ्टवेअरमधील अंगभूत आणि आगंतुक अडचणींमध्ये जो फरक केला, त्यातील ही अंगभूत. तिला कमी करण्याच्या भानगडीत न पडता एका स्पष्ट नावाच्या फंक्शनमध्ये वेगळे ठेवावे, शेजारी सर्व शक्यतांचा निर्णय-तक्ता टिप्पणीत लिहावा आणि प्रत्येक ओळीला एक चाचणी द्यावी. त्या फंक्शनला साधनाने ताकीद दिली, तर कारण नोंदवून ती खुशाल दाबावी.

६४ च्या मुख्य फंक्शनाबाबत फार बोलण्यासारखे नाही. अशी फंक्शने बहुधा तीन कामे मिसळतात : डेटाबेसमधून माहिती गोळा करणे, हिशेब करणे आणि कागदावर मांडणी करणे. आधी मांडणी वेगळी काढा, कारण ती काढताना रकमा बदलण्याचा धोका सर्वांत कमी असतो. मग माहिती गोळा करण्याचा भाग काढा. उरलेल्या शुद्ध हिशेबाला वर सांगितलेल्या जुन्या बिलांच्या चाचण्या लावता येतात. प्रत्येक पाऊल वेगळ्या कमिटमध्ये असावे आणि रिफॅक्टरिंगच्या कमिटमध्ये वर्तणुकीचा बदल मिसळू नये. आकडा दहाच्या खाली यावा म्हणून सलग कोड मधोमध कापून 'भाग एक', 'भाग दोन' अशा नावांची फंक्शने केलेली मी पाहिली आहेत. दोन्हींमध्ये पंधरा व्हेरिएबल इकडून तिकडे फिरत असतात आणि वाचणाऱ्याला आता दोन फाइली उघडाव्या लागतात. आकडे पगारवाढीशी जोडले की हे हमखास घडते.

व्यवस्थापनाला असे सांगता येईल. जुन्या कोडसाठी टक्केवारीचे उद्दिष्ट नको. नव्या आणि बदललेल्या कोडसाठी मर्यादा ठेवू. सोनारसोर्सच्या सोनारक्यूब या साधनाच्या मूळ मानकांतही नव्या कोडसाठी ३ टक्के पुनरावृत्तीची मर्यादा आहे, आणि व्यवस्थापनाचा आकडा तिथूनच आला असावा, असा माझा तर्क आहे; संपूर्ण जुन्या कोडसाठी तो योजलेला नाही. त्याच्या जोडीला वर्षातून दोनदा एक साधी नोंद द्या : मागील दरबदलाला किती फाइली बदलाव्या लागल्या, किती ठिकाणे नंतर ग्राहकांच्या तक्रारींतून सापडली, आणि पुढच्यासाठी आता किती फाइली लागतील. मालकाला सायक्लोमॅटिक आकड्यापेक्षा हे लवकर समजते. वेळापत्रकही तिमाहीच्या हिशेबाने न बांधता हंगामाच्या हिशेबाने बांधावे. बिलाच्या गाभ्यातील बदल पावसाळ्यात करावेत, ऑक्टोबरपर्यंत दोन-तीन लहान हॉटेलांवर चालवून पाहावेत आणि डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्या फाइलींना कोणी हात लावू नये.

साधनांबद्दल थोडेसे. पीएचपीसाठी पीएचपीएमडी गुंतागुंत दाखवते आणि तिची मूळ मर्यादा १० आहे. जावास्क्रिप्टसाठी ईएसलिंटमध्ये तोच नियम आहे, पण त्याची मूळ मर्यादा २० आहे, त्यामुळे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून तुलना करण्यापूर्वी मर्यादा एकच करून घ्या. पुनरावृत्तीसाठी जेएससीपीडी दोन्ही भाषा वाचते, परंतु तिची मूळ मर्यादा ५० टोकनांची आहे आणि ती फार गोंगाट करते, म्हणजे किरकोळ ठिकाणेही दाखवते. १०० पासून सुरुवात करून खाली यावे. मोजणीतून बाहेरून आणलेल्या लायब्ररी, डेटाबेसच्या मायग्रेशन फाइली, साधनांनी आपोआप तयार केलेला कोड आणि भाषांतराच्या फाइली वगळाव्यात. चाचण्यांमधील पुनरावृत्ती वेगळी मोजावी आणि तिच्याकडे थोडे सौम्यपणे पाहावे, कारण चाचणी वाचताना सर्व काही एका जागी दिसणे अधिक सोयीचे असते. हे वगळून अहवाल पुन्हा काढा, ११ टक्क्यांपैकी किती भाग तेवढ्यानेच उतरतो ते पाहा, आणि उरलेल्याची यादी नियमांच्या तक्त्याशी ताडून घेतल्यावरच तिमाहीच्या उद्दिष्टाची बैठक लावा.